कुत्रा अंगावर उड्या मारतो? आधी घरातल्या माणसांचे हात बघा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, 11 महिन्यांचा लॅब्रॅडोर नर, नाव ब्रूनो, वजन 28 किलो. बेल वाजली की हा दारात, आणि दार उघडलं की आलेल्याच्या छातीवर. ओरडून झालं, ढकलून झालं, कुणीतरी सुचवलं म्हणून गुडघा लावूनही झालं. मागच्या आठवड्यात 72 वर्षांच्या सासूबाई त्याच्या धक्क्याने मागे कोसळल्या. मागे सोफा होता म्हणून निभावलं. दीड महिन्यावर गणपती आलेत, घरात माणसांची रीघ लागणार. तोवर काही होईल का?

होईल. पूर्ण नाही, पण सासूबाई न घाबरता हॉलमध्ये येऊन बसतील इतकं नक्की होईल.

कुत्र्याला हात लावण्याआधी एक काम करा. उद्या संध्याकाळी तुम्ही ऑफिसमधून घरात शिरताना कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. मग तो आवाज बंद करून बघा, आणि ब्रूनोकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघा. कुत्री शिकवायच्या कामात गेली 18 वर्षं मी जवळपास प्रत्येक घरात पहिल्या भेटीला हेच करायला लावतो. दिसतं ते साधारण सारखंच असतं: कुत्र्याचे पुढचे पाय वर आले की माणसाचे दोन्ही हात त्याच्या छातीवर जातात, मान खाली वळते, नजर त्याच्या डोळ्यांत, आणि तोंड चालू. "अरे खाली, खाली हो म्हटलं ना, शहाणा आहेस ना तू." आता हे त्याच्या बाजूने बघा. दिवसभर वाट पाहिलेलं माणूस आलं, उडी मारली, आणि त्या माणसाने लगेच दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यांत बघितलं, गप्पाही मारल्या. लॅब्रॅडोरला छातीवर ढकलणं म्हणजे शिक्षा वाटतच नाही. दोन लॅब आपसात खेळताना नेमकं तेच करतात.

आणि पाय खाली असताना त्याला काय मिळतं? काही नाही. तेव्हा आपण चपला काढत असतो, किंवा कुरिअरवाल्याशी बोलत असतो.

उडीचं मूळ जुनं आहे. पिल्लं आईच्या तोंडाचे कोपरे चाटतात. लांडग्यांत शिकारीवरून परतलेला मोठा लांडगा पिल्लांनी असं तोंड चाटलं की पोटातलं अन्न त्यांच्यासाठी बाहेर काढतो. आपल्या कुत्र्यांत जेवणाचा भाग बहुतेक मागे पडला, पण "आलास का, ये" म्हणताना तोंडाकडे झेपावणं राहिलं. आपलं तोंड पाच फुटांवर असतं, मग तो करणार काय? म्हणून "हा घरावर हुकूमत गाजवायला बघतोय, याला जागा दाखवा" असं कुणी सांगितलं तर मान डोलावून सोडून द्या. दोन महिन्यांचा असताना हाच ब्रूनो पोटरीवर पाय ठेवायचा, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्याला उचलून घेतलंत. नियम त्याने मोडला नाही, वजन वाढल्यावर आपण बदलला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये लाकडी खोक्यांत कोंडलेल्या मांजरांवर जे प्रयोग मांडले, त्यातून निघालेलं सूत्र आजही आमच्या धंद्याचा पाया आहे: ज्याने फायदा होतो ते जनावर पुन्हा करतं. त्यात पुढचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कामाची जोड दिली की तुमच्या घरातली गोष्ट पुरती उलगडते. दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की सवय लवकर सुटते. कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय चिवट होते. मटका खेळणारा रोज हरतो तरी का जातो, कारण मागच्या महिन्यात एकदा लागला होता. तुम्ही चार दिवस उडीकडे दुर्लक्ष केलं आणि पाचव्या दिवशी दिरांनी "ये रे वाघा" म्हणत त्याला छातीवर घेतलं, तर ब्रूनोचा मटका लागला. पुढचे पंधरा दिवस तो आणखी नेटाने खेळणार.

गुडघ्याबद्दल. मी सुरुवातीची तीन-चार वर्षं हेच शिकवत होतो, कारण मलाही तेच शिकवलं गेलं होतं. उडी आली की गुडघा वर घ्यायचा, छातीवर बसला पाहिजे. तेव्हा माझ्याकडे एक दीड वर्षाची गावठी कुत्री आली होती, चपळ, प्रेमळ, पाहुणा दिसला की खांद्यापर्यंत उडायची. आठवड्यात उड्या बंद झाल्या, मालक खूश, मी माझी फी घेतली. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला की आता पाहुणा आला की ती सोफ्यामागून गुरगुरते. तिच्या हिशेबाने पाहुणा म्हणजे छातीत दुखणं, एवढंच पक्कं झालं होतं. उडी मारू नये हे तिला कळलंच नव्हतं, माणसं आली की आपल्याला लागतं हे कळलं होतं. ते निस्तरायला मला सात महिने लागले, आणि पहिली फी घेतल्याचीही लाज वाटली. तेव्हापासून गुडघा नाही, मागच्या पंजांवर पाय देणं नाही, पुढचे पंजे आवळून धरणं नाही, ओढली की गळा आवळणारी चोक चेन नाही, तोंडावर पाण्याचा फवाराही नाही.

आता कामाला लागू.

पहिली गोष्ट शिकवण्याची नाही, बंदोबस्ताची आहे. प्रत्येक यशस्वी उडी म्हणजे एक सराव. दिवसाला दहा उड्या पडत असतील आणि तुम्ही संध्याकाळी पाच मिनिटं शिकवत असाल, तर कोण जिंकणार ते उघड आहे. दाराजवळ एका खिळ्याला पट्टा कायम टांगलेला ठेवा. बेल वाजली की आधी पट्टा ब्रूनोच्या हार्नेसला (छातीभोवती बांधतात तो साज), मगच कडी. पट्टा लावायला कुणी नसेल तर तो बेडरूममध्ये, दार बंद. लहान मुलांसाठी दारात लावतात ते जाळीचं फाटक मिळालं तर उत्तम, कारण त्याला माणसं दिसतात पण पोचता येत नाही. पाहुण्याला दोन मिनिटं बाहेर थांबावं लागलं तर थांबू द्या. आपल्याकडे "या या" करत दार सताड उघडायची घाई असते, ती या दीड महिन्यात सोडा.

शिकवणं असं. उकडलेलं चिकन घ्या, मीठ-मसाला-कांदा काहीही न घालता. घरात चालत नसेल तर पनीर. तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, त्याहून मोठे नकोत. चाळीस तुकडे एका वाटीत. रात्रीच्या जेवणातून तेवढं कमी करा, लॅब बघता बघता जाड होतात. ब्रूनोच्या हार्नेसला पट्टा लावून दुसरं टोक खिडकीच्या गजाला किंवा जड पलंगाच्या पायाला पक्कं बांधा, साधारण चार फूट मोकळं राहील असं. पट्टा हार्नेसलाच, गळ्याला नाही, नाहीतर झेप घेताना मानेला हिसका बसेल.

तुम्ही सहा-सात फुटांवर उभ्या राहा. चालत त्याच्याकडे या. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला की जागच्या जागी थांबा. बोलायचं नाही, "अं हं" सुद्धा नाही. हात पोटाशी. नजर त्याच्या कानावरून पलीकडे भिंतीवर. तो हवेत पाय मारेल, भुंकेल, एकदा तुमच्याकडे आणि एकदा वाटीकडे बघेल. मग कंटाळून पुढचे पाय फरशीवर टेकवेल. टेकले त्याच क्षणी "येस" म्हणा आणि तुकडा त्याच्या दोन पुढच्या पायांच्या मधे जमिनीवर टाका. हाताने भरवू नका. तो खाली मान घालून खातोय तेवढ्यात आणखी एक पाऊल पुढे, आणि तो मान वर करण्याआधीच दुसरा तुकडा खाली. वर बघितलं, पाय जमिनीवरच आहेत? तिसरा.

या जमिनीवर टाकण्यात सगळी गोम आहे. लोक "येस" वेळेवर म्हणतात आणि मग तुकडा छातीपाशी धरून "घे बाळा" करतात. हात वर गेला की नाक वर, नाक वर गेलं की पाय वर. खाऊ जिथे मिळतो तिथे कुत्रा लक्ष ठेवतो. आठवडाभर खाऊ फरशीवर पडत राहिला तर माणूस आल्यावर तो आधी फरशी बघायला लागतो, आणि फरशी बघणाऱ्या कुत्र्याला उडी मारता येत नाही. "येस" आणि तुकडा यांत एखाद्या सेकंदाहून जास्त अंतर नको, म्हणून पिशवीत हात घालून शोधत बसू नका. चार तुकडे मुठीत आधीच हवेत.

एका बैठकीला पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. तीन दिवसांत तुम्ही सरळ त्याच्यापर्यंत चालत पोचाल. मग किंचित कुशीला वळून गुडघ्यात वाका आणि छातीवर, कानामागे खाजवा. डोक्यावरून थोपटू नका, त्यानेही तोंड वर येतं. खाजवताना पाय उचलले, तर हात काढून सरळ उभं राहा. टेकले की हात परत. या टप्प्यावर त्याच्या लक्षात येतं की हात मिळवायची किल्ली त्याच्या स्वतःच्या पायात आहे. काही कुत्री इथे येऊन आपणहून बसतात. ब्रूनो बसला तर पाच तुकडे एकदम.

मी "सिट" पासून सुरुवात का करत नाही, हे बऱ्याच जणांना विचित्र वाटतं. कारण आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स. उत्साहाने थरथरणारा 28 किलोचा कुत्रा त्या फरशीवर बसला की मागचे पाय बाजूला घसरतात, तो सावरायला उठतो, आणि उठला की उडी. खुब्याच्या सांध्याचे आजार लॅबच्या जातीत बरेच दिसतात, त्यामुळे घसरत बसवणं मला तसंही पटत नाही. दारापासून सहा-सात फुटांवर जुनी सतरंजी किंवा योगा मॅट कायमची अंथरा. आठवड्यानंतर "जागेवर" हा शब्द त्या सतरंजीला जोडायचा: शब्द उच्चारा, तुकडा सतरंजीवर टाका, तो गेला की तिथेच आणखी दोन.

मग बेल. तुमच्या ब्रूनोला बेल म्हणजे जत्रा वाटते, तेव्हा आधी तिची किंमत उतरवावी लागेल. मोबाइलवर स्वतःच्या बेलचा आवाज रेकॉर्ड करा आणि दिवसभरात दहा-बारा वेळा वाजवा, कुणी आलेलं नसताना. वाजली की "जागेवर" आणि सतरंजीवर चार तुकडे. पहिले दोन दिवस तो दाराकडेच धावेल. धावू दे, दार उघडणारच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बेल वाजल्यावर तो दाराऐवजी सतरंजीकडे वळून बघेल. त्या एका वळलेल्या मानेसाठी मुठीतलं सगळं द्या. त्यानंतर नवरा बाहेर जाऊन खरी बेल वाजवेल, मग शेजारी, मग ज्याला तो महिनाभर भेटलेला नाही असं कुणी. क्रम तोच ठेवा. पहिल्याच आठवड्यात आत्या-मामा बोलावून परीक्षा घेऊ नका.

मधे एकदा सगळं बिघडल्यासारखं वाटेल. साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी उड्या वाढतात, जास्त उंच होतात, सोबत भुंकणं येतं, कपडा तोंडात धरणं येतं. दमलेला माणूस लिफ्टचं बटण लागत नसलं की आणखी चार वेळा दाबतो ना, तसं. उत्तर मिळेनासं झालं म्हणून तो प्रश्न मोठ्याने विचारतोय. इथे बहुतेक घरं हार मानतात, आणि नेमकी सगळ्यात मोठ्या उडीला दाद मिळते. कॅलेंडरवर लिहून ठेवा की आठवा दिवस वाईट जाणार आहे.

सासूबाईंचं वेगळं. सगळीकडे सल्ला दिलेला असतो की कुत्रा उडी मारायला लागला की पाठ फिरवा. तुम्ही फिरवा, मुलं फिरवू देत. 72 वर्षांच्या बाईने 28 किलोच्या कुत्र्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, कधीच नाही. मागून धक्का बसला तर सावरायला हातही पुढे येत नाहीत. त्यांनी आधी खुर्चीत बसायचं, हाताची खुर्ची असेल तर बरं, मग ब्रूनोला पट्ट्यावर आत आणायचं. त्यांच्या शेजारी तिपाईवर एक वाटी. तो चार पायांवर असेल तर त्यांनी एक तुकडा स्वतःच्या पावलांपाशी टाकायचा. दहा दिवसांत तो त्यांच्या पावलांशी येऊन उभा राहायला लागेल. आणखी एक: त्या नऊवारी किंवा सहावारी नेसत असतील तर हलणारा पदर आणि निऱ्या या त्याच्यासाठी खेळणं आहेत. पदर कमरेला खोचून घ्यायला सांगा. मी पाहिलेल्या घरांत आजींवरच्या निम्म्याअधिक उड्या खरं तर पदरावर होत्या.

मुलांना "झाड हो" सांगा. हात छातीशी घट्ट, डोळे छताकडे, तोंड बंद. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण त्यांना तो खेळ वाटतो. किंचाळत पळालं तर मात्र कुत्रा मागे लागणारच.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे "असू दे हो, आम्हाला आवडतात कुत्री" म्हणणारा पाहुणा. तुम्ही महिनाभर घाम गाळलेला असतो आणि हा माणूस दारातच खांद्यावर पंजे घेतो. त्याच्याशी वाद घालू नका. पट्टा तुमच्या हातात आहे, दोन पावलं मागे घ्या आणि म्हणा, "त्याला शिकवतोय, पाय खाली असले की हात लावा." आपल्याच घरात पाहुण्याला असं सांगणं जड जातं, मला माहीत आहे. मी एका घरी दारावर पाटी लावून दिली होती: कुत्र्याचे पाय जमिनीवर असतील तरच लाड करावेत. पाहुणे हसायचे, पण पाळायचे.

लिफ्टमध्ये कुत्र्याला कोपऱ्यात, तुमचा पाय आणि भिंत यांच्या मधे घ्या, आणि दार उघडण्याआधीच खाली दोन तुकडे टाका. आत कुणी घाबरणारं दिसलं तर ती लिफ्ट जाऊ द्या.

दिवसभर फ्लॅटमध्ये असलेल्या 11 महिन्यांच्या लॅबला दोन वेळच्या दहा मिनिटांच्या शू-शीच्या फेऱ्या पुरत नाहीत. पण दमवायचं म्हणजे पळवायचंच असंही नाही. सकाळी ऊन चढायच्या आत पाऊण तास, सैल पट्ट्यावर, त्याला हवं तिथे हवं तितकं हुंगू द्या. पावसात बाहेर जाता आलं नाही तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याचं कोरडं खाणं लपवून द्या. नाक चालवून कुत्री दमतात आणि शांतपणे दमतात.

एक फरक ओळखा. शेपूट पायांत, कान मागे, जीभ ओठांवरून फिरतेय आणि तुमच्याच अंगाला लोंबकळतोय, अशी उडी स्वागताची नाही, भीतीची आहे. फटाके, ढोल, डॉक्टरांचं टेबल अशा ठिकाणी दिसते. तिथे दुर्लक्ष करू नका, त्याला त्या जागेतून बाहेर काढा.

नखं दर तीन आठवड्यांनी कापा. फरशीवर टकटक वाजायला लागली म्हणजे वाढली. आणि कुणाला नखाचा ओरखडा आलाच, तर "घरचाच कुत्रा आहे" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रक्त न आलेला बारीक ओरखडाही रेबीजच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे लस सुचवली जाते अशा श्रेणीत धरला जातो, त्यामुळे लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. ब्रूनोचं रेबीजचं लसीकरण वेळेवर असू द्या आणि कार्ड सापडेल अशा जागी ठेवा. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्याचं कलम भारतीय न्याय संहितेतही आहे, 291. पूर्वी ते भारतीय दंड संहितेत 289 होतं. उडीने सोसायटीतलं कुणी म्हातारं माणूस पडलं तर "तो चावत नाही हो" हे उत्तर तिथे कामाचं नाही.

खच्चीकरणाने उड्या थांबतील का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. नाही. त्याची कारणं वेगळी, वेळ तुमच्या पशुवैद्यांशी बोलून ठरवा, पण दारातल्या उडीशी त्याचा संबंध लावू नका.

राहिला गणपती. पहिल्या वर्षी ब्रूनोची परीक्षा घेऊ नका. आरतीच्या वेळी झांजा, टाळ्या, वीस माणसं, उघडं दार. एवढं दीड महिन्यात कुठलाही कुत्रा पेलणार नाही. आरतीच्या अर्धा तास आधी त्याला फिरवून आणा आणि आतल्या खोलीत, पंखा लावून, स्टीलच्या वाटीत गोठवलेला दहीभात देऊन ठेवा, चाटत बसतो. गर्दी ओसरली, चार-पाचच माणसं बसलेली राहिली, की पट्ट्यावर बाहेर, सतरंजीवर, पाच मिनिटं, मग परत आत. आणि प्रसादाच्या ताटावर नजर ठेवायला एक माणूस नेमा. पंचखाद्यात खिसमिस असतात, द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि शहाण्यासारखं चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याला कुणी ना कुणी प्रेमाने चिमूटभर देतंच. पाहुण्यांच्या हाती त्याच्या चिकनची वाटी द्या, आणि तुकडा खाली टाकायला सांगा.